बिटकॉइन पडला की क्रिप्टो स्टार्टअपचे पैसे का आटतात?

नोव्हेंबर २०२२. लोअर परळमधल्या एका जुन्या गिरणीच्या आवारातलं को-वर्किंग ऑफिस. काचेच्या छोट्या मीटिंग रूममध्ये आम्ही चौदा जण कसेबसे मावलो होतो. आमच्या फाउंडरने आढेवेढे न घेता सांगितलं, "दुसरा हप्ता येत नाहीये. इन्व्हेस्टर म्हणतोय, मार्केट जरा स्थिर होऊ दे, मग बघू."

त्या संध्याकाळी करी रोडचा पूल ओलांडून, भारतमातावरून चालत लालबागला घरी आलो. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेले. त्यांनी चेहरा बघूनच विचारलं, काय झालं? सांगितलं. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले.

"अरे, तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं का?"

"नाही बाबा, ते उत्तम चाललंय."

"मग गिऱ्हाईक तुटलं?"

"कमी झालंय, पण आहे."

"मग बिटकॉइन पडला तर तुमचा पगार का अडतो? तुम्ही थोडीच बिटकॉइन विकता?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही खरंच बिटकॉइन विकत नव्हतो. क्रिप्टो एक्स्चेंजेसना व्यवहारांचा हिशोब आणि टॅक्सचे रिपोर्ट काढून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. तरीही बाबांना नीट उत्तर देता आलं नाही. नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते हळूहळू समजत गेलं. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आज हे लिहायचं कारणही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन सव्वा लाख डॉलरच्या वर गेला आणि नोव्हेंबरमध्ये ८० हजारांच्या घरात उतरला. बाजार असा घसरायला लागला की क्रिप्टो कंपनीत काम करणाऱ्या किंवा ऑफर लेटर हातात घेऊन बसलेल्या बऱ्याच मुलामुलींच्या डोक्यात बाबांचाच प्रश्न घोळायला लागतो.

आधी हा पैसा येतो कुठून?

स्टार्टअपला पैसे देणारा व्हेंचर फंड हे पैसे बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून देत नाही. फंडामागे पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत कुटुंबं असे मोठे गुंतवणूकदार असतात. ते सगळी रक्कम पहिल्याच दिवशी काढून देत नाहीत. "एवढे देऊ" असं कबूल करतात आणि फंड मागेल तशी रक्कम पाठवतात.

आपल्या आईच्या भिशीची कल्पना करा. बारा जणींनी कबूल केलेलं असतं, पण त्या महिन्यात चौघीजणी "जरा थांबते का, या महिन्यात ओढ आहे" म्हणाल्या तर भिशी चालवणारीची पंचाईत होते. फंडाचा करार भिशीपेक्षा पक्का असतो, हे खरं. तरीही मागचे लोक कुरकुरायला लागले की फंड चालवणारा त्यांच्याकडे पैसे मागायला कचरतो. पुढच्या फंडासाठी त्याला त्यांच्याच दारात उभं राहायचं असतं.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. बातमीत "अमुक स्टार्टअपने इतके कोटी उभे केले" असं छापून येतं, पण सगळे पैसे एकदम येतीलच असं नाही. ठरलेले टप्पे पूर्ण झाल्यावर पुढचा हप्ता, असा करार असू शकतो. त्याच्याही आधी जी टर्म शीट सही होते, ती सहसा कायद्याने बांधून घालत नाही. टर्म शीट म्हणजे साखरपुडा. लग्न लागतं ते पैसे खात्यात आल्यावर.

तिसरी गोष्ट खास क्रिप्टोची. साध्या स्टार्टअपमध्ये गुंतवणूकदाराला शेअर मिळतात आणि ते विकायला सात-आठ वर्षं थांबावं लागतं. क्रिप्टोमध्ये शेअरसोबत, कधी शेअरऐवजी, कंपनीचे टोकन मिळतात. टोकन बाजारात आलं की वर्ष-दोन वर्षांत विकून मोकळं होता येतं. म्हणूनच २०२१ मध्ये पैसा इतक्या घाईने आला. मंदीत नेमकं हेच उलटतं. टोकनला गिऱ्हाईक नसेल तर लवकर बाहेर पडायचा तो दरवाजाच बंद होतो.

तीन दोर, एकच खुंटी

मला समजलेली मुख्य गोष्ट ही: क्रिप्टो कंपनीचं उत्पन्न, तिची तिजोरी आणि तिचा गुंतवणूकदार हे तिन्ही दोर एकाच खुंटीला बांधलेले असतात. ती खुंटी म्हणजे नाण्याची किंमत. साध्या धंद्यात एक दोर तुटला तर दुसरा धरून ठेवतो. गिऱ्हाईक कमी झालं तर बँकेतली शिल्लक असते, शिल्लक संपली तर भागीदार असतो. इथे खुंटी हलली की तिन्ही एकदम सैल होतात.

आकड्यांत बघू. हे आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण खरं आहे.

समजा, एका कंपनीने ६ कोटी रुपये उभे केले. त्यातले २ कोटी बँकेत, ४ कोटी इथरमध्ये, कारण "इथर वाढतोच आहे ना!" महिन्याचा खर्च ३५ लाख, उत्पन्न १० लाख. म्हणजे दर महिन्याला तिजोरीतून २५ लाख जातात. ६ कोटी भागिले २५ लाख, म्हणजे २४ महिने. पैसे किती दिवस पुरतील या हिशोबाला स्टार्टअपवाले रनवे म्हणतात. दोन वर्षांचा रनवे म्हणजे निवांत.

आता इथर ७० टक्के पडला. ४ कोटींचे उरले १ कोटी २० लाख. बँकेतले २ कोटी धरून ३ कोटी २० लाख. त्याच वेळी गिऱ्हाइकांचे व्यवहार घटले, उत्पन्न १० लाखांवरून २ लाखांवर आलं, म्हणजे तिजोरीतून दरमहा ३३ लाख जायला लागले. ३ कोटी २० लाख भागिले ३३ लाख, म्हणजे दहा महिनेसुद्धा नाहीत.

कंपनीने एकही चूक न करता, एकही माणूस न वाढवता, २४ महिन्यांचे १० झाले. नवीन निधी उभा करायला चांगल्या काळातही सहा महिने सहज जातात. म्हणजे हातात उरले चार.

७० टक्के हा आकडा मी फुगवलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ४,८०० डॉलरच्या आसपास असलेला इथर जून २०२२ मध्ये हजाराच्या घरात आला होता.

पहिला दोर: उत्पन्न

एक्स्चेंजची कमाई होते व्यवहारांवरच्या फीमधून. किंमत वाढत असते तेव्हा सगळे खरेदी-विक्री करतात. पडायला लागली की लोक ॲप उघडायचंच बंद करतात.

मुंबईच्या वझीरएक्सचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये तिथे झालेले व्यवहार होते ४३ अब्ज डॉलरचे. २०२२ मध्ये ते साधारण १० अब्जांवर आले आणि २०२३ मध्ये साधारण १ अब्जावर. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने सुमारे ४० टक्के लोक कमी केले.

आता याचं सगळं खापर मंदीवर फोडता येणार नाही. भारतात मंदी आणि टॅक्स एकाच वेळी आले. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागला आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करायची सोय ठेवली नाही. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापायला सुरुवात झाली.

१ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण दिवसाला दहा-वीस सौदे करणाऱ्याचा हिशोब बघा. १ लाख रुपये घेऊन बसलात, ना नफा ना तोटा असे ५० वेळा विकलंत, तर हातात खेळायला उरतात साधारण ६०,५०० रुपये. बाकीचे साडेएकोणचाळीस हजार टीडीएसमध्ये अडकले. रिटर्न भरल्यावर जास्तीचे परत मिळतात, पण तोपर्यंत भांडवल गेलं ना! बाजारात सतत खरेदी-विक्री करून व्यवहार वाहते ठेवणारे मोठे ट्रेडर याच कारणाने परदेशी एक्स्चेंजकडे वळले.

आमची फी होती प्रत्येक व्यवहारामागे. टॅक्स किचकट झाला म्हणजे आमच्या टॅक्स रिपोर्टची मागणी वाढेल, असं जुलैमध्ये आम्ही एकमेकांना सांगत होतो. रिपोर्टची गरज वाढली, हे खरं. पण रिपोर्टमध्ये टाकायला व्यवहारच उरले नाहीत.

दुसरा दोर: तिजोरी

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आजच्या पॉलिगॉनचं, म्हणजे तेव्हाच्या मॅटिक नेटवर्कचं. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन या भारतीय इंजिनिअर्सनी हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू केला. इथेरियमवरची गर्दी कमी करणारं नेटवर्क ते बनवत होते. त्यांच्या टेस्टनेटचं, म्हणजे नवा कोड खोट्या पैशांवर तपासून बघायच्या नेटवर्कचं, नाव होतं "मुंबई". जगभरातल्या हजारो डेव्हलपर्सनी आपला पहिला ब्लॉकचेन प्रोग्राम "मुंबई"वर चालवून बघितला. मीसुद्धा. एप्रिल २०२४ मध्ये हे टेस्टनेट बंद झालं आणि त्याची जागा "अमॉय"ने घेतली.

पण २०१८ च्या शेवटी हा प्रकल्प बंद पडायच्या बेतात होता. नेलवाल यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की तेव्हा त्यांच्याकडे तीन महिन्यांचाच खर्च उरला होता. एका फंडाने पाच लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. नेलवाल यांचं लग्न तोंडावर आलं होतं आणि नेमका त्याच सुमारास बिटकॉइन सहा हजार डॉलरवरून तीन हजारांकडे घसरला. फंडाने माघार घेतली.

इथे थांबून विचार करा. मॅटिकच्या कोडमध्ये त्या आठवड्यात काय बदललं होतं? काहीच नाही. बदलली होती ती पैसे देणाऱ्याच्या तिजोरीतल्या बिटकॉइनची किंमत. कंपनीची तिजोरी आणि गुंतवणूकदाराची तिजोरी एकाच वेळी अर्धी होते, ती अशी.

तिसरा दोर: गुंतवणूकदार

आता २०२२ कडे परत येऊ. मे महिन्यात टेरा-लुना कोसळलं. जूनमध्ये थ्री ॲरोज कॅपिटल हा मोठा फंड बुडाला आणि सेल्सिअसने लोकांचे पैसे काढणं थांबवलं. ४ जुलैला व्हॉल्ड या कंपनीने पैसे काढणं बंद केलं. ती सिंगापूरची, पण तिचं बरंच काम आणि बरेच ग्राहक भारतातले. ११ नोव्हेंबरला एफटीएक्सने दिवाळखोरी जाहीर केली.

एफटीएक्सने सगळ्यात जास्त घाबरवलं ते फंडांना. जानेवारी २०२२ मध्ये या कंपनीचं मूल्य ३२ अब्ज डॉलर धरलं होतं. सिकोयासारख्या नावाजलेल्या फंडाने त्यात सुमारे २१ कोटी ४० लाख डॉलर घातले होते, सिंगापूर सरकारच्या टेमासेकने साडेसत्तावीस कोटी. दोघांनीही ती रक्कम शून्य धरून हिशोबातून काढून टाकली. यातली मेख अशी की एफटीएक्सची भगिनी कंपनी अलामेडाच्या मालमत्तेत मोठा वाटा होता एफटीटी या टोकनचा. आणि ते टोकन काढलं होतं एफटीएक्सनेच! म्हणजे तारण ठेवलं ते आपणच छापलेलं. ते घसरल्याबरोबर तारणही गेलं आणि कर्जही बुडालं.

सिकोयासारख्यांना फसवता येतं, तर आपण कोण? हा प्रश्न प्रत्येक छोट्या फंडाच्या मागे उभ्या असलेल्या लोकांनी विचारला. जगभरात क्रिप्टो स्टार्टअपमध्ये २०२२ मध्ये साधारण ३० अब्ज डॉलर आले होते. २०२३ मध्ये त्याचा जेमतेम एक तृतीयांश. आमच्या मीटिंग रूममधलं "मग बघू" आलं ते इथून.

हे सगळं १८६५ मध्ये होऊन गेलंय

चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीवर उभं राहिलात की समोर जो समुद्र दिसतो, तो बॅकबे. १८६० च्या दशकात हा समुद्र भरून जमीन करायची म्हणून बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शहरात बँका आणि कंपन्यांचं पेव फुटलं. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे बादशहा. बॅकबेच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला होता.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापूस पडला. १ जुलै १८६५ ला वायद्याचे व्यवहार मिटवायचा दिवस होता. त्या दिवशी मिटवायला पैसेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून सढळ हाताने कर्जं दिली होती. कापूस पडला म्हणून शेअर पडले, शेअर पडले म्हणून तारण गेलं, तारण गेलं म्हणून बँक गेली. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली.

कापसाच्या जागी बिटकॉइन ठेवा, शेअरच्या जागी टोकन. ब्लॉकचेन नवीन आहे, पण एकाच किमतीवर सगळा डोलारा उभा करायची खोड या शहराला दीडशे वर्षांहून जुनी आहे.

मग सावध गुंतवणूकदार आता काय विचारतो?

२०२१ मध्ये दोन झूम कॉलवर चेक निघायचे. आता महिने लागतात. हे प्रश्न फंडाच्या माणसांकडून मी स्वतः ऐकलेत. प्रत्येक प्रश्नामागे कुणाचे तरी बुडालेले पैसे आहेत.

१. मालक नक्की कोण? बायनान्सने वझीरएक्स घेतल्याचं नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ईडीने वझीरएक्सची ६४ कोटी ६७ लाखांची बँक खाती गोठवली आणि लगेचच बायनान्सच्या प्रमुखांनी जाहीर केलं की तो व्यवहार पूर्ण झालेलाच नाही. वझीरएक्सच्या संस्थापकांनी ते नाकारलं. चार वर्षं चाललेल्या कंपनीचा मालक कोण यावर भर बाजारात वाद! तेव्हापासून फंड सगळ्यात आधी कागद मागतात.

२. ग्राहकांची नाणी कुठे आहेत? यासाठी प्रूफ ऑफ रिझर्व्हज नावाची पद्धत आहे. प्रत्येक ग्राहकाच्या शिल्लकेचा एक हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, काढायचा. दोन-दोन ठसे जोडून नवा ठसा, असं करत शेवटी एकच ठसा उरतो. याला मर्कल ट्री म्हणतात. आपली शिल्लक त्या बेरजेत धरली आहे की नाही हे ग्राहक स्वतः तपासू शकतो आणि तेवढी नाणी वॉलेटमध्ये आहेत हे कंपनी दाखवते. पण याची मर्यादा लक्षात ठेवा. चाळीच्या सेक्रेटरीने सोसायटीची तिजोरी उघडून दाखवली म्हणजे बाहेर कर्ज काढलं नाही असं सिद्ध होत नाही. तिजोरी दिसते, देणी दिसत नाहीत.

३. सह्या कोण करतं? १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ते वॉलेट अनेकांच्या सह्यांनी चालणारं, म्हणजे मल्टिसिग होतं. सह्या करणाऱ्यांना स्क्रीनवर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्याच व्यवहारावर. कुलपं कितीही लावा, आपण कशावर सही करतोय हे दिसत नसेल तर उपयोग नाही. सिंगापूरच्या कोर्टातून मार्ग निघून एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. या सव्वा वर्षात ज्यांचे पैसे अडकले, त्यांच्यातले काही तुमच्या-माझ्या ओळखीचेही असतील.

४. उद्या नियम बदलला तर? ६ एप्रिल २०१८ ला फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं, की बँकांनी क्रिप्टो कंपन्यांना सेवा देऊ नये, मुदत तीन महिने. झेबपेने सप्टेंबर २०१८ मध्ये भारतातलं एक्स्चेंज बंद केलं. मुंबईच्या कॉइनेक्सने जून २०१९ पर्यंत तग धरला आणि दुकान बंद केलं. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. कॉइनेक्स बंद होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. न्याय मिळाला, पण रनवे संपल्यावर.

५. किंमत शून्य झाली तर तुमच्याकडे काय उरतं? हा प्रश्न सगळ्यात अवघड. आमच्या फाउंडरला याचं उत्तर देता आलं नाही.

मग तरतं कोण?

मॅटिक तरलं. २०१८-१९ मध्ये त्यांनी तुटपुंज्या पैशांवर काम चालू ठेवलं आणि एप्रिल २०१९ मध्ये बायनान्सच्या लाँचपॅडवर टोकन विकून ५० लाख डॉलर उभे केले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे टेरा कोसळायच्या तीन महिने आधी, पॉलिगॉन म्हणून त्यांनी ४५ कोटी डॉलर उभे केले. पाऊस पडत होता तेव्हाच टाकी भरून घेतली. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना २० टक्के माणसं कमी करावी लागली.

मुंबईतून सुरू झालेल्या कॉइनडीसीएक्सचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी साडेतेरा कोटी डॉलर घेतले, तेव्हा मूल्य धरलं होतं २ अब्ज १५ कोटी डॉलर. ऑगस्ट २०२३ मध्ये १२ टक्के लोक कमी केले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या एका अंतर्गत खात्यातून ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीला गेले. पण ग्राहकांची नाणी वेगळी ठेवलेली होती आणि हा तोटा आपल्या तिजोरीतून सोसू, असं कंपनीने सांगितलं. तीनच महिन्यांत कॉइनबेसने तिच्यात आणखी गुंतवणूक केली, २ अब्ज ४५ कोटी डॉलर मूल्य धरून. चोरी झाल्यावरही पैसे मिळू शकतात. चोरीचा भार ग्राहकावर पडला नाही, हे गुंतवणूकदाराला दिसलं पाहिजे.

दोघांतही एक समान धागा दिसतो. निदान एक दोर त्यांनी खुंटीपासून सोडवून घेतला होता. किंमत पडायच्या आत तिजोरी भरली होती.

तुम्ही काय बघायचं?

नोकरीची ऑफर असेल तर तीन प्रश्न विचारा. लाजू नका, हा तुमच्या घरच्या हप्त्यांचा प्रश्न आहे.

पहिला: आजच्या खर्चाने पैसे किती महिने पुरतील आणि त्यातले रुपये-डॉलर किती, टोकन किती? "आम्ही वेल फंडेड आहोत" हे उत्तर नव्हे. महिन्यांत आकडा हवा.

दुसरा: व्यवहार ८० टक्के घटले तर उत्पन्न किती उरेल? दरमहा ठरलेली फी देणारी गिऱ्हाइकं आहेत, की सगळं व्यवहारांवर अवलंबून?

तिसरा: पगारातलं टोकन किती? जे टोकन अजून बाजारात आलेलं नाही, त्याची किंमत घरखर्चाच्या हिशोबात शून्य धरा. पुढे मिळालं तर दिवाळी.

आणि तुम्ही ग्राहक असाल तर एवढंच: एक्स्चेंजवर तेवढंच ठेवा, जेवढं वर्षभर अडकून राहिलं तरी घरातलं काही अडणार नाही.

आमचं काय झालं? मार्च २०२३ मध्ये कंपनी बंद झाली. शेवटचा पगार दोन हप्त्यांत मिळाला, पण मिळाला. फाउंडरने त्यासाठी स्वतःची गाडी विकली हे आम्हाला नंतर कळलं. माझ्या ऑफर लेटरमध्ये टोकनचा मोठा आकडा होता. ते टोकन कधी बाजारात आलंच नाही. त्या आकड्याच्या भरवशावर मी घरी रंगकामाचं कबूल करून बसलो होतो, ते पुढे दोन वर्षांनी झालं.

आताच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी हे तिन्ही प्रश्न विचारले. एचआरच्या मॅडम जरा बावरल्या, पण फाउंडरने लॅपटॉप फिरवून मला थेट हिशोबाची शीटच दाखवली. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "हे मागच्या वेळी का नाही विचारलंस?"

कारण मागच्या वेळी बिटकॉइन वर जात होता, बाबा. तेव्हा कुणीच विचारत नव्हतं.